घर सोडल्यावर आलेलं लाइटबिल नेमकं कोणाचं?

कोथरूडचा टू बीएचके सोडून तुम्ही वाकडला राहायला गेलात. चाव्या दिल्या, सामान हललं. डिपॉझिट मात्र 'रंगकाम होऊ दे, मग बघू' या आश्वासनावर अडकलेलं आहे. दोन महिन्यांनी मालकांचा मेसेज येतो. बिलाचा फोटो आणि खाली एक ओळ: 'तुमच्या काळातलं आहे, डिपॉझिटमधून वळतं करतोय.' बिल चार हजारांचं. तुम्ही राहत असताना ते कधी बाराशेच्या वर गेलं नव्हतं.

लगेच फोन लावून 'हे कसं शक्य आहे?' असं विचारलं की विषय भरकटतो, कारण इथे भांडणं दोन आहेत आणि ती वेगवेगळ्या लोकांमध्ये आहेत. बिलच बरोबर आहे का, हे पहिलं. ते मालक आणि महावितरण यांच्यातलं. बिल बरोबर असेल तर त्यातला तुमचा वाटा किती, हे दुसरं. ते तुम्ही आणि मालक यांच्यातलं. ही दोन्ही एकत्र कालवली की मालक म्हणतात, 'बोर्डाला विचारा.' बोर्ड म्हणतं, 'मालकांना घेऊन या.' आणि तुम्ही रास्ता पेठेपर्यंत हेलपाटे घालत बसता.

महावितरणच्या दप्तरी तुमचं नाव नसतं. बिलावर मालकांचं नाव आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. घरात कोण राहतं, कधी आलं, कधी गेलं, याची तिथे नोंद नसते. त्यामुळे 'मी बोर्डाला सांगून तुमच्यावर कारवाई करायला लावतो' हे वाक्य साध्या थकबाकीच्या बाबतीत पोकळ आहे. तुमच्यावरची जबाबदारी येते ती भाडेकरारातून. म्हणून मेसेजला उत्तर देण्याआधी करार काढून वाचा. लिव्ह अँड लायसन्सच्या ऑनलाइन नोंदणीत जो ठरावीक मसुदा वापरला जातो, त्यात साधारणपणे असं असतं की वापरलेल्या विजेचं बिल राहणाऱ्याने भरायचं, आणि मेंटेनन्स, कर, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) मालकांनी. 'वापरलेल्या विजेचं' हे शब्द तुमच्या कामाचे. तुम्ही राहत असताना आलेलं बिल किंवा गेल्यावर आलेलं बिल असं तिथे म्हटलेलं नसतं. बिलावरची तारीख कोणतीही असो, प्रश्न युनिट कोणी जाळले एवढाच आहे.

करार नोंदवलेलाच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार असला तरी. पुण्यात 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे एजंट अजून भेटतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. हे वाक्य मालकांच्या तोंडावर फेकायची गरज नसते. आपल्याला माहीत असलं की बोलण्यात आपोआप ठामपणा येतो.

बिल वाचायचं कसं

फोटोत मालकांनी बहुतेक वेळा फक्त रकमेचा चौकोन पाठवलेला असतो. पूर्ण बिल मागा. ग्राहक क्रमांक तुमच्याकडे असेल तर मागायचीही गरज नाही, महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो टाकून बिल बघता येतं. रकमेकडे नंतर बघू. आधी चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि या दोन्हींच्या तारखा बघा.

रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी मीटर लॉक आहे, रीडिंग मिळालं नाही किंवा मीटर नादुरुस्त आहे असा शेरा असेल, तर ते बिल प्रत्यक्ष वापराचं नाही, सरासरीचं आहे. घर रिकामं होतं, मीटर रीडरला आत जाता आलं नाही, म्हणून मागच्या महिन्यांवरून अंदाजे युनिट टाकले. हे बिल तुमच्या माथी मारलं जातंय आणि पुढच्या प्रत्यक्ष रीडिंगच्या वेळी त्यातली जास्तीची रक्कम वजा होऊन फायदा नव्या भाडेकरूला किंवा मालकांना मिळणार आहे. म्हणून सरासरीच्या बिलावर पैसे देऊ नका. 'प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येऊ द्या, माझा वाटा त्यावरून देतो' इतकं सांगा. याच्या उलटही घडतं. तुम्ही राहत असताना तीन-चार महिने सरासरीचं, कमी बिल येत होतं, तुम्ही खुशीत भरत होतात, आणि खरं रीडिंग आल्यावर सगळा फरक एका बिलात आला. तो वापर तुमचा असेल तर पैसे तुमचेच जाणार. मात्र अशा बिलात स्लॅबचा, म्हणजे वापरानुसार चढत जाणाऱ्या दरांच्या टप्प्यांचा, फायदा महिन्यांच्या संख्येनुसार मिळायला हवा. चार महिन्यांचे चारशे युनिट एका महिन्यात जाळल्यासारखे धरले गेले, तर चढ्या दराने आकारणी होते. ती चूक दुरुस्त करून मिळते, फक्त ती मागावी लागते.

दुसरी जागा म्हणजे मीटर बदल. सध्या जुने मीटर काढून नवे टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारे) मीटर बसवण्याचं काम चालू आहे. मीटर बदललं असेल तर जुन्याचं मागील आणि शेवटचं रीडिंग, नव्याचं सुरुवातीचं आणि चालू रीडिंग असे चार आकडे जुळवावे लागतात. तुमच्याकडचा फोटो जुन्या मीटरचा आणि बिलावरचा मीटर क्रमांक नव्याचा, असं असेल तर नुसते आकडे जुळवून काही हाती लागणार नाही. आधी मीटर क्रमांक ताडून बघा.

तिसरी ओळ थकबाकीची. चार हजारांतले दोन हजार कधीकधी इथेच सापडतात. मालकांनी मधला एखादा महिना भरलाच नाही, त्यावर विलंब आकार लागला, नंतर व्याज. महावितरणचा विलंब आकार सव्वा टक्का आहे. बिल मालकांच्या मोबाइलवर येत होतं आणि त्यांनी ते तुम्हाला मुदत टळल्यावर पाठवलं असेल, तर मूळ रक्कम तुमची आणि विलंबाचा भुर्दंड त्यांचा. इथे मी तरी तडजोड करणार नाही. रक्कम छोटी असली तरी.

आणि चौथी गोष्ट, जी बघून भले भले गोंधळतात: अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल. मागच्या वर्षाच्या सरासरी वापरावरून महावितरण ठेवीचा फेरहिशेब करतं. महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असावी, असा नियम आहे. वापर वाढला असेल तर फरकाचं वेगळं बिल येतं. दिसायला ते अगदी लाइटबिलासारखं असतं. पण ही खर्च झालेली वीज नाही. मालकांच्या नावावर महावितरणकडे राहणारे, त्यांना व्याज मिळवून देणारे आणि जोडणी बंद केली तर त्यांनाच परत मिळणारे हे पैसे आहेत. 'तुम्ही एसी लावलात म्हणून ठेव वाढली' हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण तुम्ही भरलेली ठेव उद्या मालकांच्या खात्यात जमा होणार आहे. करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते तुमचं देणं नाही.

सोडलेल्या महिन्याचा वाटा

खरी खडाजंगी इथे होते. समजा रीडिंग दर महिन्याच्या ३ तारखेला होतं. तुम्ही १३ तारखेला घर सोडलं आणि दोनच दिवसांत नवं कुटुंब राहायला आलं, येताना एसी घेऊन. मागील रीडिंग ८,४१०. तुम्ही निघताना काढलेल्या फोटोत ८,४६८. पुढच्या ३ तारखेला ८,६९०. म्हणजे एकूण २८० युनिट, त्यातले तुमचे ५८.

आता दर. खरे दर वरचेवर बदलतात आणि त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, घरगुती वापरावरचं १६ टक्के वीज शुल्क असं बरंच काही येतं. हिशेब समजण्यापुरतं असं धरू की पहिले १०० युनिट पाच रुपयांनी आणि त्यापुढचे अकरा रुपयांनी. बिल झालं ५०० अधिक १,९८०, म्हणजे २,४८० रुपये.

मालक सहसा दिवसांवर जातात. तीस दिवसांतले दहा दिवस तुमचे, म्हणून एक तृतीयांश, सुमारे ८२७ रुपये. तुम्ही म्हणाल, मी फक्त ५८ युनिट जाळले, ते पहिल्या स्लॅबमध्येच बसतात, म्हणून २९०. आणि तिसरा मार्ग, एकूण बिलाला एकूण युनिटने भागायचं आणि आपल्या युनिटने गुणायचं. प्रत्येक युनिट ८ रुपये ८६ पैशांना पडतं, तुमचा वाटा सुमारे ५१४.

दिवसांचा हिशेब वापराच्या बिलाला लावणं चूकच आहे, कारण नव्या कुटुंबाचा एसी तुम्ही चालवलेला नाही. २९० वाला हिशेब तुमच्या सोयीचा आहे, पण त्यात स्वस्त स्लॅबमधले निम्म्याहून जास्त युनिट तुम्ही दहा दिवसांतच घेऊन टाकता आणि नव्या माणसाला महागडे उरतात. त्यालाही हरकत घेण्यासारखं आहे. माझ्या मते सुरुवात २९० पासून करावी आणि युनिटच्या सरासरीवर, म्हणजे ५१४ च्या आसपास, मिटवावं. स्थिर आकार तेवढा दिवसांवर वाटायचा, कारण तो युनिटवर नसतोच. घर रिकामंच राहिलं असेल तर हा वाद उद्भवत नाही. पण रिकाम्या घरातही रंगारी, सुतार, पॉलिशवाले महिनाभर मशिनं चालवत असतात, आणि ती वीज तुमच्या नावावर सहज खपून जाते.

या सगळ्याचा पाया म्हणजे निघतानाचा मीटरचा फोटो. नुसत्या आकड्याचा नको. मीटर क्रमांक दिसेल असा, आणि तो काढल्या काढल्या मालकांना पाठवलेला. गॅलरीत पडून राहिलेल्या फोटोपेक्षा त्याच दिवशी पाठवलेल्या फोटोला वजन जास्त, कारण तेव्हा मालकांनी हरकत घेतली नव्हती हेही त्यातून दिसतं. सोबतचा मेसेज असा काहीसा: 'काका, नमस्कार. आज फ्लॅटचा ताबा आणि चाव्या तुमच्याकडे दिल्या. मीटर रीडिंग ८,४६८, फोटो जोडला आहे. इथपर्यंतच्या विजेचे पैसे माझ्याकडे. चालू महिन्याचं बिल आलं की हिशेब करून पाठवतो.' काकांनी उत्तरादाखल नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला तरी पुरे.

फोटो काढायचा राहिला असेल तरी सगळं संपलेलं नसतं. मालकांना महावितरणच्या उपविभाग कार्यालयातून खात्याचा उतारा मागता येतो. तिथले लोक त्याला सीपीएल म्हणतात. त्यात महिनावार रीडिंग, वापर, शेरे, भरणा सगळं असतं. तुम्ही राहत असताना महिन्याला ११० ते १३० युनिट आणि तुम्ही गेल्यावर ३४०, असं चित्र त्यातून निघालं की बोलणं सोपं होतं. याच्या जोडीला टेम्पोवाल्याची पावती, सोसायटीच्या गेटवरची सामान बाहेर नेल्याची नोंद, नव्या घराच्या कराराची तारीख. घर कधी सोडलं हे यांतून कळतं.

बिलच चुकीचं असेल तर

मग तक्रार मालकांनी करायची, तुम्ही कागद पुरवायचे. तुमच्याकडून पैसे कापण्यापेक्षा तक्रार करणं त्यांच्याही फायद्याचं आहे, कारण चुकीचं मीटर पुढेही चुकीचंच पळणार. सुरुवात १९१२ या क्रमांकावर किंवा उपविभाग कार्यालयात लेखी, पण तक्रार क्रमांक घेऊनच. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, पुणे परिमंडळाचा वेगळा. वीज कायदा, २००३ च्या कलम ४२ खाली ही व्यवस्था केलेली आहे. वकील लागत नाही. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल.

दरम्यान वीज तोडतील ही भीती मालकांना असते आणि ती ते तुमच्यावर ढकलतात. कलम ५६ मध्ये त्यावर उपाय आहे. तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. याच कलमात दोन वर्षांची मर्यादाही आहे. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि ती सतत थकबाकी म्हणून बिलात दाखवली गेली नसेल, तर वसुली होत नाही. मात्र ही दोन वर्षं वीज वापरल्यापासून मोजायची नाहीत, बिल काढल्यापासून मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. म्हणजे जुन्या काळातली चूक उशिरा सापडली तर पुरवणी बिल येऊ शकतं. मीटर बंद पडलं असेल तर सरासरीने आकारणी जास्तीत जास्त तीन महिन्यांची करता येते, हेही लक्षात ठेवा. वर्षभराचा अंदाज लावून पाठवलेल्या बिलाला इथेच अडवता येतं.

एक अपवाद गंभीर आहे. घरगुती जोडणीवर तुम्ही क्लास, शिवणकाम किंवा ऑफिस चालवत होतात आणि तपासणीत ते आढळलं, तर याच कायद्याचं कलम १२६ लागू शकतं. आकारणी दुप्पट दराने होते, काळ ठरवता आला नाही तर बारा महिने धरतात, आणि हे प्रकरण ग्राहक मंचापुढे चालत नाही. त्याचं अपील तीस दिवसांत, निम्मी रक्कम भरून करावं लागतं. अशी नोटीस दाखवून मालक पैसे मागत असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट वकील गाठा.

गॅस, पाणी आणि सोसायटी

पाइप गॅसचं तत्त्व तेच. पुण्यात तो एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड). बिल साधारण दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे सोडल्यानंतरचा वाद विजेपेक्षा जास्त लांबतो. इथेही बंद घराला अंदाजे बिल येतं. निघताना गॅस मीटरचाही फोटो काढायचा आणि वॉल्व्ह बंद करायचा.

पाण्याचं पुणे महापालिकेच्या हद्दीत निराळं आहे. घरगुती पाणीपट्टी मिळकतकरातच येते आणि मिळकतकर मालकांचा. पिंपरी-चिंचवडमध्ये नळजोडाचं मीटरवर वेगळं बिल येतं, तिथे करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं. मिळकतकरावरून आठवलं. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती जाते. हा फरक 'तुमच्यामुळे वाढलेला कर' म्हणून डिपॉझिटमधून कापणारे मालक असतात. घर भाड्याने देऊन भाडं घ्यायचं ठरवलं तेव्हाच ती सवलत त्यांनी सोडली होती.

सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही सभासदाचेच. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ते घेता येत नाहीत, असा सरकारचा आदेश २००१ पासून आहे. उन्हाळ्यात टँकरचा खर्च बहुतेक सोसायट्या मेंटेनन्समध्येच टाकतात. करारात मेंटेनन्स मालकांकडे असेल तर टँकरही त्यांच्याकडेच, वाघोली असो की उंड्री.

डिपॉझिट तरीही कापलं तर

आधी कापलेल्या प्रत्येक रकमेचा लेखी हिशेब आणि मूळ बिलं मागा. बहुतेक कपाती इथेच निम्म्या होतात, कारण 'इलेक्ट्रिसिटी व इतर' असं लिहिणं सोपं असतं आणि 'इतर' म्हणजे काय ते सांगणं अवघड. उत्तर आलं नाही तर करारावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. त्यात ताब्याची तारीख, शेवटचं रीडिंग, तुमच्या हिशेबाने देणं असलेली रक्कम आणि परत हवी असलेली रक्कम, एवढंच लिहा. रागाचं काही नको. पुढे शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीच्या लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो. पाच-दहा हजारांच्या वादाला हा मार्ग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. तिथेही मालक आले नाहीत तर पैसेवसुलीचा दावा, त्याला मुदत तीन वर्षांची.

आणि हिशेब करून तुमचे खरोखर ५१४ रुपये निघाले, तर ते डिपॉझिट मिळेपर्यंत अडवून धरू नका. बिल अजून थकलेलं असेल तर महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून तुमच्या वाट्याची रक्कम थेट भरायचा प्रयत्न करा. मालकांनी आधीच भरलं असेल तर त्यांच्या बँक खात्यात, कोणत्या रीडिंगपासून कोणत्या रीडिंगपर्यंतचे पैसे आहेत ते शेऱ्यात लिहून. मग पावती त्यांना पाठवा आणि त्याच मेसेजमध्ये डिपॉझिटची उरलेली रक्कम तारीख घालून मागा.